एमर्सनचं ‘नेचर’, थोरोची वही आणि वॉल्डनचं तळं : सुरुवात कुठून करावी?

पिंपळपान

आमच्या वाचनगटाने पुढच्या दोन महिन्यांसाठी अमेरिकन ट्रान्सेन्डेंटलिस्ट मंडळी घेतली आहेत (एकोणिसाव्या शतकातले, ग्रंथ-चर्चपेक्षा आतली प्रज्ञा आणि निसर्ग मानणारे लेखक : एमर्सन, त्याचा शिष्य थोरो वगैरे). एमर्सनच्या ‘नेचर’पासून सुरुवात केली आणि पहिल्या वीस पानांतच निम्मा गट गळाला. नाव ‘निसर्ग’, आणि आत आत्मा, प्रज्ञा, प्रतीक. जाणकारांना तीन प्रश्न :

१. एमर्सनला निसर्ग म्हणजे नेमकं काय म्हणायचंय? थोरोलाही तेच म्हणायचंय का?

२. वाचायचा क्रम काय ठेवावा?

३. थोरो वर्षानुवर्षं निसर्गनोंदी ठेवत होता, तो ज्याच्या काठी राहिला त्या वॉल्डन तळ्याची खोलीही त्याने मोजली होती. गटात दोन शिक्षक आहेत. त्यांना शाळेतल्या मुलांकडून झाडांच्या फुलोऱ्याच्या नोंदी करून घ्यायच्या आहेत आणि गावचा तलाव मोजायचाय. थोरोची पद्धत जशीच्या तशी चालेल का?

तळटीप

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो. तिसऱ्याला इथे माझ्यापेक्षा योग्य माणसं आहेत.

एमर्सन मूळचा बॉस्टनचा युनिटेरियन (त्रैक्य न मानणाऱ्या, बुद्धिवादी ख्रिस्ती पंथाचा) पाद्री. प्रभुभोजनाच्या विधीवरून चर्चशी पटेना म्हणून १८३२ मध्ये त्याने पद सोडलं आणि युरोप गाठलं. जुलै १८३३ मध्ये पॅरिसच्या जार्दां दे प्लांत या उद्यानातली पक्ष्यांची, शंखशिंपल्यांची कपाटं पाहून तो इतका हरखला की आपण निसर्गअभ्यासक होणार, असं त्याने वहीत लिहून टाकलं. तो झाला मात्र व्याख्याता. सप्टेंबर १८३६ मध्ये ‘नेचर’ निनावी छापलं गेलं आणि त्याच महिन्यात ट्रान्सेन्डेंटल क्लब सुरू झाला.

भांडण होतं ते ज्ञान कुठून येतं यावर. युनिटेरियन लोक लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाच्या मार्गाने जाणारे : इंद्रियांनी पुरावा आणावा, बुद्धीने तो तपासावा, बायबलातले चमत्कार हाही पुराव्याचाच भाग. या तरुणांनी इंग्रज कवी कोलरिजच्या मार्फत जर्मन तत्त्वज्ञ कांट वाचला (थोडा वाकवूनच) आणि दोन शक्ती वेगळ्या काढल्या. एक हिशेब मांडणारी बुद्धी, दुसरी सत्य थेट पाहणारी प्रज्ञा. ही दुसरी शक्ती जागी व्हायला ग्रंथ नको, पाद्री नको. मग काय हवं? तर निसर्ग. निसर्गाबद्दलचा त्यांचा भक्तिभाव इथून येतो, रम्य देखाव्यांच्या हौसेतून नव्हे.

म्हणून एमर्सनची व्याख्या अशी अवाढव्य आहे : आत्मा सोडून जे जे उरतं ते सगळं निसर्ग. त्यात दुसरी माणसं आली, कलाकृती आल्या, स्वतःचं शरीरही आलं. आपल्या वाचकाला लगेच प्रकृती-पुरुष आठवतात. आठवू द्या, पण उगम तिथे शोधू नका. गीतेची विल्किन्सने केलेली इंग्रजी प्रत एमर्सनच्या हाती १८४५ मध्ये आली आणि ‘ब्रह्म’ ही कविता १८५७ ची. ‘नेचर’ त्याच्या बरंच आधीचं.

पुस्तकाची आठ प्रकरणं म्हणजे चढण आहे : निसर्गाचा वापर, मग सौंदर्य, मग भाषा, मग शिस्त, आणि पुढे थेट विचारतत्त्व आणि आत्मतत्त्व. प्रत्येक पायरीवर निसर्ग कशाचं तरी साधन होत जातो आणि शेवटी जवळजवळ विरून जातो. तुमचा गट याच चढणीवर दमला असणार. पहिलं आणि तिसरं प्रकरण वाचा, सहावं-सातवं सध्या सोडा. तिसऱ्यात गावच्या नदीतली निळी पाँटेडेरिया (एक पाणवनस्पती) आणि तिच्यावर भिरभिरणारी पिवळी फुलपाखरं आहेत, म्हणजे बुवाला डोळे होते. पहिल्यातला ‘पारदर्शक डोळा’वाला प्रसिद्ध उताराही नीट पाहा. तो अनुभव कुठल्या शिखरावर येत नाही. संधिप्रकाश, ढगाळ आभाळ, बर्फाचं पाणी साचलेलं गावचं मोकळं माळ, एवढाच मामला. क्रँच नावाच्या त्यांच्याच कंपूतल्या माणसाने त्यावर व्यंगचित्र काढलं : टोपी आणि लांब शेपटीचा कोट घातलेलं, उंच काटकुळ्या पायांवर उभं असलेलं एक बुबुळ. गटात ते चित्र आधी दाखवा, वातावरण सैल होईल.

थोरो वेगळा. एमर्सनला पान हे कशाची तरी खूण म्हणून हवं असतं. थोरोला आधी पान हवं, खुणेचं नंतर बघू. शिवाय एमर्सनचा निसर्ग माणसाशी कायम गोडीत असतो. थोरो १८४६ मध्ये मेन राज्यातल्या कटाडिन डोंगरावर गेला तेव्हा ढगात वेढलेल्या उघड्या खडकांवर त्याला जे दिसलं ते माणसासाठी केलेलंच नव्हतं, आणि हे त्याने कबूल केलं. ‘नेचर’नंतर लगेच हा कटाडिनचा लेख घ्या. गुरू-शिष्यातलं अंतर एका बैठकीत कळेल.

थोरोचं ‘वॉल्डन’ (त्याच तळ्याकाठच्या मुक्कामाचं पुस्तक) घ्याल तेव्हा पहिल्या प्रकरणाने सुरुवात करू नका. ‘इकॉनॉमी’ हे प्रकरण लांबलचक आणि तिरकस आहे, अर्धे वाचक तिथेच संपतात. ‘द पाँड्स’, ‘द पाँड इन विंटर’, ‘स्प्रिंग’ या क्रमाने जा, मग घेवड्याच्या शेताचं प्रकरण, आणि शेवटी ‘इकॉनॉमी’. इंग्रजी जड जाणाऱ्यांसाठी दुर्गा भागवतांचा मराठी अनुवाद आहे.

शेवरी

फुलोऱ्याच्या नोंदींबद्दल.

थोरोची वही २२ ऑक्टोबर १८३७ ला सुरू झाली ती विचारवही म्हणून. तारीखवार, नियमित निसर्गनोंदी १८५० नंतरच्या. १८५१ ते १८५८ या काळात त्याने कॉन्कर्ड या आपल्या गावातल्या शेकडो जातींच्या पहिल्या फुलाच्या तारखा टिपल्या, आणि आज शास्त्रज्ञ वापरतात त्या याच.

पद्धत दोन टप्प्यांची. दुपारी चारेक तास भटकंती, तेव्हा पेन्सिलीने त्रोटक टिपणं. नंतर घरी बसून त्याच टिपणांवरून शाईने सविस्तर नोंद, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी. (पेन्सिली घरच्याच. थोरो कुटुंबाचा पेन्सिलींचा कारखाना होता.) बरोबर काय असायचं ते एमर्सनने लिहून ठेवलंय : झाडपाला दाबायला काखेत एक जुनं संगीताच्या स्वरलिपीचं पुस्तक, खिशात वही-पेन्सिल, पक्ष्यांसाठी छोटी दुर्बीण, भिंग, चाकू, सुतळी. टोपीच्या आत त्याने नमुने ठेवायला एक कप्पा केला होता. काठीवर इंचांच्या खुणा असायच्या. त्याचा स्वतःचा वनस्पतिसंग्रह नऊशेच्या वर नमुन्यांचा होता. नमुना जपला की ‘ते झाड नेमकं कोणतं’ हा वाद पुढे मिटवता येतो.

अखेरच्या दोन वर्षांत तो या सगळ्याचे तक्ते करत होता. एका महिन्याला एक मोठा कागद, आडव्या ओळीत घटना (अमुक फुललं, नदी चढली, पहिला बेडूक ओरडला), उभ्या रकान्यांत वर्षं. तुमच्या शिक्षकांनी चोरावी अशी गोष्ट हीच. वही तारखेनुसार असते, तिच्यातून तुलना करता येत नाही. तक्ता पहिल्या दिवसापासून आखून भिंतीवर लावा, रिकामा रकाना मुलांना आपोआप टोचतो.

आता जशीच्या तशी चालेल का, तर नाही. बोस्टन विद्यापीठातले रिचर्ड प्रायमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग यांनी थोरोच्या तारखा आजच्या तारखांशी ताडून पाहिल्या. ४३ नेहमीच्या जातींमध्ये फुलोरा आता सरासरी सात दिवस आधी येतो असं निघालं. थोरोने पाहिलेल्यांपैकी २७ टक्के जाती कॉन्कर्डमधून गेल्या आहेत, आणखी ३६ टक्के अगदी विरळ उरल्यात. हे काम करताना थोरोच्या पद्धतीतल्या फटी स्पष्ट दिसल्या :

‘पहिलं फूल’ हा टोकाचा आकडा आहे. हजार झाडं असतील तर एखादं येडं झाड लवकर फुलणारच, दहाच उरली तर तसं झाड सापडण्याची शक्यता कमी. म्हणजे झाडं घटली तरी फुलोरा उशिरा आल्यासारखा दिसतो, हवामानाचा त्यात काही हात नसताना. म्हणून ठरावीक झाडं निवडा, प्रत्येकाला पत्र्याचा क्रमांक द्या (बुंध्याभोवती सैल तारेने, खिळा नको) आणि पहिल्या फुलासोबत ‘निम्म्या फांद्यांवर फूल’ हीही तारीख घ्या.

‘फुललं’ म्हणजे काय ते आधी ठरवा. कळी फुटली की फूल पूर्ण उघडलं? थोरो पुष्कळदा ‘पराग सांडतोय’ असं लिहितो. ही कसोटी उत्तम, फुलाखाली काळा कागद धरून टिचकी मारली की मुलांनाही कळतं.

‘अजून नाही’ हीसुद्धा नोंद आहे, आणि सगळे नेमकी हीच विसरतात. सोमवारी फूल दिसलं, पण त्याआधीची फेरी कधी होती हे लिहिलेलं नसेल तर त्या सोमवारला किंमत नाही. आठवड्यातून एकदा जाणार असाल तर तारखेत सहा-सात दिवसांची चूक धरूनच चाला. प्रायमॅक मंडळींना जे सात दिवस सापडले तेवढेच तुमच्या चुकीत बुडतील! हंगाम जवळ आला की एक दिवसाआड तरी फेरी हवी.

आपल्याकडे पळस, पांगारा, बहावा घ्या. लांबून ओळखता येतात आणि मुलं चुकत नाहीत. बहाव्याला पावसाळ्यात अवेळी थोडा फुलोरा येतो, तो वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर पुढच्या वर्षीचा ‘पहिला’ म्हणून घुसेल.

कोरडवाहू

एवढं कौतुक चाललंय तर विरजण घालतो. थोरोचं तळं गावापासून दीड मैलावर, जमीन एमर्सनची, जेवायला आईकडे. हा कसला वनवास? आणि याच निसर्गपूजकाने जंगल पेटवलं होतं ते कुणी सांगत नाही.

तळटीप

@कोरडवाहू, जंगलाचं खरं आहे. एप्रिल १८४४. तो आणि एक मित्र नदीकाठी मासे शिजवायला बसले, बरेच दिवस पाऊस नव्हता, सुकं गवत पेटलं आणि वाऱ्याने आग टेकडीवर गेली. सुमारे तीनशे एकर रान जळालं. गावकऱ्यांनी त्यानंतर त्याला वर्षानुवर्षं ‘जंगलजाळ्या’ म्हणून हिणवलं. वॉल्डनला राहायला गेला तो पुढच्याच वर्षी, ४ जुलै १८४५ ला.

वनवासाचा दावा मात्र त्याने केलेलाच नाही. गावात एक-दोन दिवसाआड जात होतो, रेल्वे घराजवळून जात होती, हे त्याच पुस्तकात आहे. तो प्रयोग करत होता तो खर्चाचा : जगायला किमान किती लागतं, आणि ते मिळवायला वर्षातले किती दिवस जातात. म्हणून तर हिशेब अर्ध्या सेंटपर्यंत दिलाय. पंधरा फूट बाय दहा फुटांचं घर, एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्या ८.०३½ (एका आयरिश रेल्वे-मजुराची झोपडी ४.२५ ला विकत घेऊन मोडली, तिच्याच बऱ्याचशा), छपराला आणि भिंतींना टाकाऊ लाकडी कौलं ४.००, जुन्या विटा हजार ४.००, खिळे ३.९०, काचेसकट दोन जुन्या खिडक्या २.४३, चुना दोन पिंपं २.४०. चुन्यापुढे शेरा आहे की महाग पडला. गिलाव्यात घालायच्या केसांपुढे शेरा : लागले त्यापेक्षा जास्त घेतले. खडू एक सेंट. मजुरी शून्य, कारण स्वतःची.

शेतात मात्र फारसं सुटलं नाही. अडीच एकर, मुख्यतः पांढरा घेवडा, ओळी तीन फुटांवर, रोप दीड फुटावर, खत नाही. पेरा जूनच्या सुरुवातीला. पाव एकर वुडचकनी साफ केलं (खारीच्या कुळातला, बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी). खर्च १४.७२½, उत्पन्न २३.४४, शिल्लक ८.७१½. दुसऱ्या वर्षी त्याने जमीन कमी केली, आणि साधं जगायचं तर थोडीच जमीन पुरते हा निष्कर्ष काढला.

याच कंपूतल्या इतरांचा निसर्गप्रेमाचा हिशेब याहून वाईट आहे. ब्रॉन्सन अल्कॉटची ‘फ्रूटलँड्स’ ही सामूहिक शेतवसाहत जून १८४३ ला सुरू होऊन जानेवारी १८४४ ला बंद. मांस नाही, दूध नाही, शेणखत नाही, गुलामांच्या श्रमाचं म्हणून सुती कापड नाही. पेरणीला उशीर झाला, आणि धान्य कापायला आलं तेव्हा कर्ती पुरुषमंडळी व्याख्यानं देत फिरत होती. कापलेलं सातू वादळाच्या तोंडावर अल्कॉटच्या बायकोने आणि मुलींनी घरात ओढून आणलं. ब्रूक फार्म ही तशीच दुसरी वसाहत बरी चालली, १८४१ ते १८४७, पण ते शेतीवर नव्हे, शाळेच्या फीवर.

भूमापक

तलावाचं मी सांगतो. थोरोचा पोटापाण्याचा धंदाच मोजणीदाराचा होता, त्यामुळे वॉल्डनची मोजणी हौशी नाही.

१८४६ च्या सुरुवातीला, तळ्यावरचा बर्फ फुटायच्या आधी, होकायंत्र, साखळी आणि बुडीद दोरी (टोकाला वजन बांधलेली, खोली मोजायची) घेऊन बर्फातल्या भोकांतून त्याने शंभरावर ठिकाणी खोली घेतली. नकाशाचं प्रमाण एक इंचाला दहा रॉड (रॉड म्हणजे साडेसोळा फूट), म्हणजे १:१९८०. मासेमारीची दोरी आणि सुमारे दीड पौंडाचा दगड, बस. तळ लागला हे कळायची युक्ती फार सुरेख आहे : दगड तळाला टेकलेला असताना त्याच्या खाली पाणी नसतं, त्यामुळे उचलताना पहिला हिसका जड लागतो. पाणी खाली शिरलं की तो हलका होतो. हाताला तो फरक स्पष्ट कळतो. सर्वांत खोल १०२ फूट. पुढे त्याने लिहिलं की त्यानंतर पाणी पाच फूट चढलंय, म्हणजे १०७ धरा. पाण्याची पातळी न लिहिता दिलेली खोली निरर्थक असते, हे त्या एका वाक्यात आहे. लोक म्हणत होते तळ्याला तळच नाही!

नकाशावर पट्टी ठेवल्यावर त्याला दिसलं की सर्वांत लांब रेषा आणि सर्वांत रुंद रेषा जिथे छेदतात तिथेच सर्वांत खोल जागा आहे. लगेच नियम म्हणून जाहीर न करता त्याने जवळच्या व्हाइट पाँडवर तपासलं (४१ एकर). आधी नकाशावरून अंदाजाचा बिंदू लावला, मग मोजलं. खरी जागा शंभर फुटांच्या आत निघाली, आणि खोली फक्त एक फूट जास्त, साठ फूट.

मुलांकडून हा प्रयोग करून घेताना एक धोका आहे. वॉल्डन हे हिमयुगातलं कुंड. वाळू-गोट्यांत गाडलेला बर्फाचा प्रचंड तुकडा वितळून झालेला खड्डा, त्यामुळे आकार वाडग्यासारखा. आपले बहुतेक गावतलाव बांध घालून अडवलेले असतात. त्यांत सर्वांत खोल जागा बांधाजवळ, जुन्या ओढ्याच्या पात्रात सापडते. नियम तिथे फसणारच. पण तेच बरं, मुलांना आधी नियमाने बिंदू लावू द्या, मग मोजायला लावा, आणि का चुकला ते बांधाकडे बघून शोधू द्या.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. छापून गटात वाटतोय. @भूमापक, आपल्याकडे बर्फ नाही, होडीतून मोजावं लागेल. तर होडी हलते त्याचं काय? आणि वॉल्डनचा बर्फ मुंबईला आला होता हे खरं का?

भूमापक

बर्फाचं आधी. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर माणसं सोळा दिवस वॉल्डनवर बर्फ कापत होती. चांगल्या दिवशी हजार टन, म्हणजे साधारण एक एकराचं पीक. पस्तीस फूट उंच रास रचली, बाहेरच्या थरांमध्ये गवत कोंबलं, कारण वारा कितीही गार असला तरी आत शिरला की राशीला भगदाडं पाडतो. दहा हजार टनांची ती रास जुलैत उघडली, थोडा माल गेला, बाकीचा तिथेच वितळत सप्टेंबर १८४८ पर्यंत टिकला आणि बहुतेक पाणी तळ्यातच परतलं. म्हणजे मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक माझ्या विहिरीचं पाणी पितात हे थोरोचं वाक्य या राशीपुरतं तरी कल्पनेतलं. पण मॅसॅच्युसेट्सचा बर्फ मुंबईला येत होता हे खरं. बॉस्टनचा बर्फाचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये कलकत्त्याला पहिली खेप पाठवली आणि पुढे मुंबई-मद्रासही धरले. चेन्नईतलं त्याचं बर्फघर आज विवेकानंदर इल्लम म्हणून उभं आहे.

आता होडी. बर्फाचा फायदा असा की भोक जागचं हलत नाही. होडीला दोन्ही टोकांना नांगर टाका, एकाने ती गोल फिरते. त्याहून सोपं म्हणजे काठापासून काठापर्यंत दोर ताणा, दर पाच मीटरला रंगीत चिंधी बांधा आणि होडी त्या दोराला धरून सरकवा. बुडीद दोरी नायलॉनची नको, ताणली जाते. सुती घेतलीत तर रात्रभर भिजवा आणि ओली असतानाच मीटरच्या खुणा करा, कारण भिजल्यावर तिची लांबी बदलते. वजन किलोभर आणि तळाला चपटं, गाळ असेल तर खाली बशीएवढी पत्र्याची चकती लावा, नाहीतर वजन गाळात रुततं आणि खोली हातभर जास्त येते. दोरी तिरकी झाली तर वाचन टाकून द्या. प्रत्येक बिंदूवर दोनदा मोजा, फरक दहा सेंटिमीटरच्या वर असेल तर तिसऱ्यांदा.

घाटाच्या एका पायरीवर रंगाने खूण करा आणि त्या दिवशीचं पाणी खुणेपासून किती खाली ते वहीच्या माथ्यावर लिहा. मोजणी मे महिन्यात उरका, पाऊस लागला की पातळी रोज बदलते आणि दोन दिवसांचे आकडे एकमेकांत बसत नाहीत. होडीत एका वेळी दोनच मुलं, अंगात लाइफ जॅकेट, आणि पोहता येणारा मोठा माणूस बरोबर. बाकीच्यांना काठावर बसून आकडे उतरवू द्या, तेही काम कमी नाही.